माझ्या फुप्फुसाचा छापा

माझं उजवं फुप्फुस सहा वर्षं टॉवेलच्या गठ्ठ्यांवर 'पाण्यापासून जपा' असं छापत होतं. हे मला आठवलं ते नेमकं डॉक्टरांसमोर, बायको शेजारी बसलेली असताना!

झालं असं, की खोकल्यापायी छातीचा सीटी स्कॅन केला आणि त्यात वाटाण्याएवढा ठिपका निघाला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "याला नोड्यूल म्हणतात. बऱ्याचदा जुन्या आजाराचा व्रण असतो, पण खात्री करावी लागेल. जुना एक्स-रे आहे का? त्यातही हा एवढाच दिसला, तर फारशी काळजी नाही."

"हाय की! न्यूमोनिया झालता तवाचा," सुमन म्हणाली. "अवो, कुटं ठेवलाय?"

मी पंख्याकडे बघितलं. (सोलापुरात आमच्या टॉवेलच्या गोदामात गठ्ठ्यांवर अक्षरं रंगवायचे कोरीव छापे एक्स-रेच्या फिल्मचेच असतात. पुठ्ठा रंगानं भिजतो, फिल्म भिजत नाही. माझ्या एक्स-रेवर अक्षरं मी स्वतः ब्लेडनं कोरली होती, तीही शीळ घालत!)

"कापलं," मी म्हणालो.

"काय?" डॉक्टर चमकले.

"फुप्फुस."

संध्याकाळी करमाळ्याहून मेव्हणे डझनभर केळी आणि सुतकी चेहरा घेऊन हजर!

"दाजी, आता निस्तं पडून ऱ्हावा. शेंगाचटणी बंद!"

माझं डोकंच फिरलं. "वाटाण्याएवढ्या ठिपक्याला भिऊन मी झोपणार न्हाय! सुमन, चटणी वाढ!" ती खाऊन मी असा खोकलो, की मेव्हणेच रडायला लागले. (खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. पण ते त्या ठिपक्याला कशाला कळू द्यायचं?)

सकाळी तिघंही गोदामात. छाप्यावर निळ्या रंगाची पुटं! मी रॉकेल ओतलं, मेव्हणे घासायला लागले.

"हळू घास की रं," सुमन ओरडली, "नवरा हाय त्यो माजा!"

डॉक्टरांनी ती चाळण उजेडावर धरली आणि मोठ्यानं वाचली, "पाण्यापासून जपा." सुमननं माझा हात घट्ट धरला. डॉक्टरांचं बोट 'जपा'च्या जरा खाली येऊन थांबलं.

"हा बघा. तेव्हाही एवढाच होता. जुनाच आहे. खात्रीसाठी वर्षानं एकदा स्कॅन करू. बोटभर खाली कापलं असतं, तर हाही गेला असता!"

सुमन ढसाढसा रडली. मी छाती फुगवली. "बघ, एवढं कापलं, पण ठिपका बरोब्बर वाचवला!"

घरी येऊन तिनं फिल्म साड्यांच्या कपाटात कुलपात ठेवली आणि घरातली झाडून सगळी ब्लेडं फेकून दिली. तेव्हापासून कुणाच्या बापाला न भिणारा हा माणूस दाढीसाठी सलूनमध्ये जातो, तेही तिला विचारून!