नवऱ्याच्या सहीचा रकाना

त्या मुलीचं नाव मी कधी विचारलं नाही. डोंबिवलीच्या आमच्या पतपेढीत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यात खाती कशी मांडायची ते ठरवायला ती ठाण्याहून यायची. कागदावर चौकोन आखत बसायची आणि चहा हमखास गार करून प्यायची.

मासळी विकून मी लग्नाआधीपासून तिथे पैसे टाकत होते. लग्नात नाव बदललं, म्हणून नव्या नावाने दुसरं खातं उघडलं. बाजारातला गाळा घ्यायला मला दोन्हींतले पैसे हवे होते.

मॅनेजर म्हणाला, "जुन्या नावाचे काढायचे तर नवऱ्याला सहीला आणा."

नवऱ्याने सही केली असती, पण पैसेही त्यानेच ठेवले असते.

मुलगी मान वर न करता म्हणाली, "साहेब, मी नंबर माणसाला दिलाय, नावाला नाही. मावशींचा फोटो दोन्हीकडे तोच आहे. दोन्ही खाती त्यांच्याच नंबरावर आहेत."

"आणि नवऱ्याची सही?"

"तो रकाना मी कॉम्प्युटरात ठेवलेलाच नाही. तुमच्या खात्याला बायकोच्या सहीचा आहे का?"

मॅनेजरने पैसे काढायची पावती माझ्यापुढे सरकवली. गाळा मी घेतला.

मी चौथी शिकलेली. पण कॉम्प्युटरसमोर कधी दबकत नाही. त्याला वळण लावणारी बाई मी पाहिली आहे.