रविवारचा समुद्र

आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला मी पहिला. हे मी अजूनही छाती काढून सांगतो. बेंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा पहिलं ठरवलं ते हे, की आईला समुद्र दाखवायचा. पन्नाशी उलटली तरी तिनं पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे हलसूरचं तळं. समुद्रात पाय बुडवून उभं राहायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

बेंगळूरकरांना त्यातल्या त्यात जवळचा समुद्र मद्रासचा. शनिवारी रात्री व्हॅननं निघायचं, रविवारचा दिवस तिथं काढायचा आणि परत. घरात बेत मांडला. थोरली बहीण, आमची अक्का, लगेच वाटेसाठी चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीभात, किती करायचा ते बोलू लागली. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, पंचांग उघडलं.

"रविवारी पंचमी. समुद्राला पर्वणीलाच शिवायचं असतं. पौर्णिमा, नाहीतर अमावास्या. एरवी लांबून नमस्कार."

"पौर्णिमा त्यानंतर दहा दिवसांनी, बुधवारी येते, अण्णा. नव्या नोकरीत मला रजा कोण देणार?"

"मग बघून या. शिवू नका."

"खारं पाणी ते! त्याला तिथी काय कळते?"

"डिग्री तुझी, समुद्र तुझा नव्हे," अण्णा म्हणाले. अक्का फिसकन हसली.

"सरी, बरं, बघून तर येऊ," आई म्हणाली. मी मनात म्हटलं, तिथं पोचल्यावर कोण ऐकतंय? मीच हात धरून नेतो तिला पाण्यात.

आणि पोचलो. अण्णा मागं सगळ्यांच्या चपला राखत बसले. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आईचा हात धरला. चार पावलं चालून ती थबकली.

"अय्यो, हे संपतं कुठं रे?"

पुस्तकात वाचलेलं होतं सगळं, पण एवढं पाणी एकदम अंगावर चालून येताना बघून मीही जागीच थांबलो. लाट जवळ आली की आई पदर सावरून मागं सरायची. भिऊन नव्हे. मोठं माणूस खोलीत आलं की आपण सरतो ना, तशी.

"चल की, आई. अण्णा बघत नाहीयेत."

तिनं हात सोडवून घेतला. "एवढ्या मोठ्याला आपल्या सोयीनं शिवायचं होय?"

मला वाटत होतं, तिला अण्णांनी अडवलंय. तसं नव्हतं. मग मलाही पुढं जाववेना. आजूबाजूला पोरं लाटांत किंचाळत होती आणि आम्ही दोघं कोरड्या वाळूत, देवळात उभं राहावं तसे.

बऱ्याच वेळानं अण्णा मागून आले. त्यांनी आमचे कोरडे पाय पाहिले. मग हळूच म्हणाले, "पौर्णिमेच्या बुधवारची रजा मिळते का बघ. सगळेच परत येऊ."

"साहेबाला कारण काय सांगू?"

"समुद्राला शिवायचं राहिलंय म्हणून सांग," आई म्हणाली. तिची नजर पाण्यावरच होती.