तीन खोटे होकार

मीरा रोडजवळच्या हाटकेश भागातल्या एका छोट्या कारखान्यात सहादेव शिरसाट सव्वीस वर्षं लेथ मशीनवर उभे होते. निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि तेवढे मशीनवरच काढायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. शुगर चौदा वर्षांपासूनची. अलीकडे उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. दोनदा तर मशीनला धरून सावरावं लागलं होतं. हे त्यांनी मालक शशिकांत यांना सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. कळलं की मशीन हातातून गेलंच.

मीरा रोडच्या एका रुग्णालयात तेव्हा शुगरच्या रुग्णांवर संशोधन चाललं होतं. शुगरने पायाच्या नसा बधिर होतात. अशा माणसांच्या हृदयाचा तालही चुकतो का, हे तिथल्या डॉक्टरांना तपासायचं होतं. बुद्धविहारात लावलेला कागद वाचून कमळाबाईंनी नवऱ्याचं नाव परस्पर देऊन टाकलं.

तपासणी साक्षी नावाची मुलगी करत होती. डोळे मिटायचे, ती नायलॉनचा दोरा तळपायाला टेकवणार, जाणवलं की 'हो' म्हणायचं. सहादेवना काहीच जाणवेना. पण ती पुढे वाकली की तिची खुर्ची बारीक कुरकुरायची. मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस तो. कुरकुर ऐकून बरोबर वेळेवर 'हो' म्हणू लागला.

"काका," साक्षी थोड्या वेळाने म्हणाली, "शेवटच्या तीन वेळा मी दोरा टेकवलाच नव्हता."

"मला बघायला आलात तेव्हा एक हो कळवायला पंधरा दिवस लावले होतेत," कमळाबाई बाकावरून नवऱ्याला म्हणाल्या.

साक्षीलाही हसू आलं. मग तिने पेन खाली ठेवलं. खोटं उत्तर लिहिलं तर संशोधन बिघडेल आणि काकांचा इलाजही, असं तिने समजावलं. "हे मालकांना कळेल का?" सहादेवनी विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "इथं सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय कंपनीत जात नाही. फॉर्मवर लिहिलंय, तुम्ही सही केलीय."

सही त्यांनी न वाचताच केली होती. त्यांनी ती ओळ तिच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मग सगळं सांगितलं. अंधारीचं सांगितलं. मागच्या महिन्यात धातूचा तुकडा चपलेतून पायात घुसला होता आणि लादीवर रक्त दिसेपर्यंत पत्ता लागला नव्हता, तेही सांगितलं. कमळाबाई बाकावरून उठून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

पुन्हा तपासणी झाली. दहा जागांपैकी दोनच जाणवल्या. दीर्घ श्वास घेताना नाडी थोडी कमी-जास्त व्हायला हवी, ती एकाच चालीने चालत राहिली. मग छातीला चोवीस तासांसाठी नोंदयंत्र लावलं. त्यात दिसलं, दुपारी जेवून बसले असताना हृदय चार सेकंद थांबलं होतं. दिवसभरात असं पाच वेळा झालं होतं. फिरत्या मशीनसमोर हे झालं असतं तर काय, हे डॉक्टरांना सांगावं लागलं नाही.

पेसमेकर बसला. त्याने पायाच्या नसा परत येणार नाहीत, आणि हृदयाचं दुखणं शुगरमुळेच झालं असंही आज म्हणता येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

बरं वाटू लागल्यावर सहादेव स्वतःच शशिकांत यांच्याकडे गेले. भीती होती तेच झालं. लेथवर दुसरा माणूस आला आणि सहादेवना तयार माल मोजून पाहायच्या टेबलावर बसवलं. पहिला आठवडा त्यांचं लक्ष मापापेक्षा लेथच्या आवाजाकडेच होतं.

संशोधनाच्या तपासणीला मात्र दर तीन महिन्यांनी रजा टाकून, वेळेआधी जातात. साक्षीला जय भीम करतात. मशीन गेल्याचं वाईट वाटतं का, असं तिने एकदा विचारलं.

"वाटतं की," सहादेव म्हणाले. "पण वाटायला मी राहिलो ना, मॅडम."