पाठ लागली नाही!

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार किसनकाकांचे आहेत, आणि खामगावात मी हरलो तोही त्यांच्यामुळेच.

वडील लवकर गेले. काकांनी मला शाळेत घातलं आणि रोहिणखेडच्या आपल्या तालमीतही घातलं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं (मॅट्रिकपर्यंत तरी कोण गेलं होतं म्हणा!). नागपूरच्या कॉलेजात पाठवताना एस.टी.च्या खिडकीतून हात घालून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "शीक बे! अन् तब्येत जप."

नागपूरला सगळं होतं. वीज, नळ, ग्रंथालय. फक्त तालीम नव्हती! पहाटे जाग यायची ती तेल मिसळलेल्या ओल्या मातीच्या वासानं. डोळे उघडावेत तर समोर वसतिगृहाची फरशी! तिच्यावर जोर मारून पाहिले. खालच्या खोलीतल्या मुलांनी तक्रार केली.

शेवटी व्यायामाच्या सरांकडे गेलो.

"कुस्ती नाही आपल्याकडे. मुष्टियुद्ध आहे."

"सर, पहिलवानाला ते जमेल?"

"पकड विसर, पाय घालणं विसर, पाडणं विसर."

"मग उरलं काय, सर?"

"नाक. तेवढं सांभाळ!"

पहिल्याच दिवशी मी समोरच्या मुलाला कमरेत धरून उचललं. "खाली ठेव त्याला!" सर किंचाळले. मी ठेवला, पण सवयीनं पाठीवर ठेवला! पुढे महिनाभर मला फक्त वाळूच्या पोत्याशी लढू दिलं.

आणि मग फलकावर सूचना लागली: सामने खामगावात! खामगाव म्हणजे घराजवळ. तिथं काका येऊ शकत होते! दिवाळीपासून मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून पोत्याची अशी काही धुलाई केली की त्याची शिवण उसवली. तरी निवड दुसऱ्याचीच झाली. ऐन वेळी त्याला गालगुंड झालं (मुष्टियुद्धाला गाल आधीच सुजवून जाणं बरं दिसत नाही!), म्हणून मला गाडीत बसवलं. गावाकडच्या एका विद्यार्थ्याबरोबर मी काकांना निरोप धाडला.

काका एकटे येतील असं मला वाटलं होतं. आली सगळी तालीम! हलगीसकट!

"काऊन बे, किती वाळला!" काकांनी माझे दंड चाचपले.

"काका, हा खेळ निराळा आहे. पडलं की पंच दहा आकडे मोजतात. तेवढ्यात उठावं लागतं."

"हाव, हाव. मले नोको शिकवू! मानसाले मानूस भिडला का झाली कुस्ती!"

घंटा वाजली. आता, आखाड्यात उतरताना आधी वाकून मातीला हात लावायचा, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं, की मी वाकलो! खाली फळ्या होत्या. वर समोरच्या अकोल्याच्या गड्याचा उजवा हात होता.

मी पालथा पडलो. पण शुद्धीत होतो. पंच म्हणाले, "एक... दोन..." तीनला मी गुडघ्यावर आलोसुद्धा! तेवढ्यात कोपऱ्यातून काकांचा आवाज आला.

"उठू नोको बे! पोटावरच राह्य! तो तुले पलटवाले पाहून राह्यला! पाठ नोको लागू देऊ!"

कुस्तीत हे अगदी बरोबर. पालथा पडलेला गडी हरत नाही. पाठ मातीला लागली तर हार.

दुसऱ्या कोपऱ्यातून सर ओरडत होते, "ऊठ! अरे ऊठ, गाढवा!"

"नोको उठू! शाबास, वाघा!"

नियम मला पाठ होते. मी पुन्हा पोटावर पडलो.

"...नऊ... दहा!" अकोल्याचा हात वर गेला. काका दोर ओलांडून आत आले.

"ओ पंच! डोये हायेत का नाई? याची पाठ लागली कुठी? दाखवा मले!" त्यांनी मला गर्रकन फिरवून माझी पाठ सगळ्या खामगावाला दाखवली. "पाहा! धुतल्यावानी साफ! दहापावतर मोजलं, तरी चित नाई झाला!"

प्रेक्षकांत बहुतेक कुस्तीवालेच. टाळ्या पडल्या. हलगी कडाडली, माझ्या सुजलेल्या तोंडाभोवती फेटा बांधला गेला आणि बाजारातून मिरवणूक निघाली. अकोल्याचा गडी बिचारा गोंधळून माझंच अभिनंदन करून गेला! मी काकांच्या खांद्यावर. सर मागून धावत होते, मला खाली उतरवायला!

नागपूरला परतल्यावर मी काकांना पत्र पाठवलं.

"तीर्थस्वरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

नाकाची सूज उतरली. सरांनी मला संघातून काढलं आहे. मी जिंकलो असं तुम्ही गावभर सांगितल्याचं कळलं. असू द्या.

सर अजून विचारतात, पाय धड होते, शुद्ध होती, मग उठला का नाहीस? त्यांना काय सांगू? इथे मला सगळे आडनावानं बोलावतात. कित्येक महिन्यांनी कोणी माझ्यासाठी एवढं ओरडत होतं. वाटलं, अजून थोडं ऐकावं. तेवढ्यात दहा झाले.

पंचांनी शंभरपर्यंत मोजलं असतं, तरी मी पडूनच राहिलो असतो.

तुमचा,
नामदेव"