अक्कांचं पहिलं ताट

अक्का रोज पातेली भरून स्वयंपाक करायच्या आणि त्यातला थेंबसुद्धा जिभेला लावून बघायच्या नाहीत. मीठ कमी पडलं काय किंवा तिखट जास्त झालं काय, जो पहिला जेवायला बसेल त्याचं नशीब! देवापुढं वाटी ठेवायची, मग पहिल्या गिऱ्हाइकापुढं ताट. "देवाच्या आन् पावण्याच्या आधी आपण तोंड लावायचं न्हाय," हे त्यांना सासूनं शिकवलेलं. अक्कांनी ते आयुष्यभर पाळलं. खानावळ चालवणाऱ्या बाईनं असं करावं म्हणजे कमालच की नाही?

पण त्यातही त्यांची एक युक्ती होती. पहिलं ताट वाढलं की त्या मिठाची वाटी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडं एकटक बघायच्या. मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात नवीन लागलो होतो, लग्न व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी ते पहिलं ताट माझ्या वाट्याला आलं. आमटीत मीठ कमी होतं. परक्या ठिकाणी कशाला बोला, म्हणून मी "लई भारी झालीय" असं म्हणालो. अक्का आत गेल्या, पातेल्यात मीठ घातलं, ढवळलं आणि माझी वाटी बदलून दिली. वर म्हणाल्या, "तोंडानं खोटं बोलता येतंय ओ पावणं, गिळताना न्हाय येत."

तेव्हापासून मी त्यांचा झालो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. त्या मला शेवटपर्यंत 'पार्टवाले' म्हणायच्या.

त्यांची खानावळ म्हणजे लेथ मशीनच्या कारखान्यांमागच्या बोळातल्या एका जुन्या इमारतीची पुढची खोली. ना पाटी, ना दिवा. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की समजायचं, इथंच. अक्का लिंगायत, माहेर कुरुंदवाडचं. स्वयंपाक सगळा शाकाहारी. ज्या गावात माणसं मटणाचे वार ठरवून जगतात, त्या कोल्हापुरात एका बाईनं भरलं वांगं, मसूर, आमटी आणि ज्वारीची भाकरी एवढ्यावर खानावळ चालवून दाखवली. आमच्याबरोबर जेवायला बसणारे एक मिस्त्री होते. मटणाशिवाय माणसाला ताकद येत नाही, असं त्यांचं ठाम मत. ते मत मांडत मांडत ते अक्कांच्या चार भाकऱ्या हाणायचे.

तिथं काय काय मिळतं, हे विचारायची सोय नव्हती. कुणी विचारलंच तर उत्तर यायचं, "हाय ते हाय." एकदा इस्त्रीच्या कपड्यांतले एक साहेब आले आणि पनीर आहे का म्हणाले. अक्कांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पनीर न्हाय. वांगी हायत, पर आज जराशी जून निघाल्यात. तुमी आमटीवर जेवा." आपल्याच मालाची अशी बदनामी करणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. साहेब आमटीवर जेवले आणि पुढं दर गुरुवारी यायला लागले. वाढताना मात्र अक्कांचा सगळा कडकपणा विरघळायचा. "ऊटा माडरी" म्हणत, म्हणजे जेवा की हो म्हणत, त्या नको नको म्हणणाऱ्याच्या हातावर भाकरी ठेवायच्या. चिडल्या की शिव्याही कानडीतच. त्या कुणाला कळत नसत, त्यामुळं राग यायचा प्रश्न नव्हता.

मग दोन-तीन वर्षांपूर्वी ती इमारत विकली गेली. नव्या मालकाला पाडून मोठं काहीतरी उभारायचं होतं. त्याच सुमारास हायवेवर एक प्रचंड हॉटेल निघत होतं. अलीकडं अशी हॉटेलं किती झालीत, विचारूच नका! दारात बैलगाडी, बैल नाही. भिंतीवर कंदील, आत बल्ब. पोरांना फेटे बांधून दारात "या पावणं" ओरडायला उभं करतात आणि त्यातल्या निम्म्यांना पावणं म्हणजे काय ते ठाऊक नसतं. रस्सा नुसता लालभडक, आणि चव विचाराल तर रंगाची! लोक तास तास रांगेत उभे राहतात, ताट आलं की आधी मोबाइल बाहेर काढतात आणि जेवण गार झाल्यावर 'नाद खुळा' म्हणतात. माझं डोकं फिरतं. असो.

त्या हॉटेलच्या मालकानं अक्कांना गाठलं. 'तुम्ही या, तुमच्याच हातचं लोकांना खाऊ घालू, पाटीवर तुमचं नाव लावू.' मिस्त्री म्हणाले, "अक्का, नका जाऊ. ते खेळ लावतील तुमचा." अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "हितं तर राहता येत न्हाय. हात रिकामं ठेवून मी काय करू ओ? कुणाला जेवाय घातलं न्हाय तर माझा दिवसच उगवत न्हाय." अक्का गेल्या.

हॉटेलात त्यांच्यासाठी काचेचं स्वयंपाकघर बांधलं होतं. अक्कांना जरीकाठाचं लुगडं, नाकात मोठी नथ. काचेच्या आत त्या भाकऱ्या थापायच्या आणि बाहेर लोक व्हिडिओ काढायचे. सुरुवातीला त्या सवयीनं मिठाची वाटी घेऊन बाहेर आल्या, तर मॅनेजरनं अदबीनं परत आत नेलं. एका टेबलावर दोन माणसांनी चार भाज्या मागवलेल्या बघून "दोघांला एवढं कशाला? वाया जातंय की" म्हणाल्या, तेव्हा मात्र त्यानं बाहेर यायचं नाही असं बजावूनच सांगितलं. हे सगळं मला त्यांनी फोनवर सांगितलं. सांगताना हसत होत्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

एका रविवारी मी बायकोला घेऊन तिथं गेलो. रांगेत उभं राहायचा मला मनस्वी कंटाळा, पण अक्कांसाठी राहिलो. शेजारच्या टेबलावर सात-आठ जणांचं टोळकं होतं. "अस्सल, एकदम अस्सल!" असं मोबाइलमध्ये बघून बोलत होतं. आमचं ताट आलं. मी वांग्याचा घास घेतला आणि थांबलो. मीठच नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. बायकोनं आमटी चाखली आणि माझ्याकडं पाहिलं. आमटी खारट होती.

मी काचेकडं बघितलं. अक्का आमच्याच दिशेनं तोंड करून उभ्या होत्या. मी हात हलवला. त्यांनी ओळखच दिली नाही. मग माझ्या ध्यानात आलं. आत लख्ख उजेड आणि बाहेर हॉटेलवाल्यांच्या हौसेचा तो अंधूक प्रकाश. त्यांना आतून काचेत स्वतःचंच तोंड दिसत होतं. मी उठलो, स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि म्हणालो, "अक्का, वांग्यात मीठ न्हाय."

अक्कांचा हात भाकरीवर तसाच राहिला. "कवापास्नं?" त्यांनी विचारलं. त्यांनी पीठ झटकलं, दारात आल्या आणि त्या भरलेल्या हॉलकडं बघत राहिल्या. ते टोळकं, पोरंबाळं, फेटेवाले, सगळीकडं. कुणी बोलत होतं, कुणी फोटो काढत होतं, निम्मी ताटं तशीच सरकवून ठेवलेली.

मॅनेजर धावत आला. "अक्का, काही काळजी करू नका. एकाचीही तक्रार नाही. सगळे खूश आहेत."

"येवढी माणसं जेवली," अक्का म्हणाल्या, "आन् एकालाबी सांगावंसं वाटलं न्हाय?" त्यांनी नथ काढली, मॅनेजरच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, "पार्टवाले, गाडी आणलीया न्हवं? चला." जरीच्या लुगड्यातच त्या आमच्या गाडीत मागं बसल्या. वाटभर बायकोनं त्यांचा हात धरून ठेवला होता.

कुरुंदवाडला भावाकडं जायचं त्यांनी ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. ती आमची शेवटची भेट. पुढच्याच थंडीत त्या झोपेतच गेल्या. आमच्याकडं जेवायला मात्र चांगल्या हसतखेळत आल्या. दारातूनच "काय करू लागू?" म्हणत आत निघाल्या, बायकोनं त्यांना धरून पाटावर बसवलं. तेव्हा मला एकदम जाणवलं की इतक्या वर्षांत या बाईला मी बसून जेवताना कधी पाहिलंच नव्हतं.

साधाच बेत होता. मेथीची भाजी, पिठलं, भाकरी, दही. बायको वाढत होती, मी पाणी देत होतो. अक्का खाली मान घालून सावकाश जेवत होत्या. मध्येच थांबल्या आणि ताटाकडं बघतच म्हणाल्या, "सगळ्यांला जेवा जेवा करत जल्म गेला बगा. मला कुणी म्हणंल म्हणून वाट बघत हुतो का काय, कुणाला ठावं."

बायको तव्यावरची भाकरी घेऊन आली, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि भाकरी ताटात ठेवत म्हणाली, "जेवा की अक्का."

अक्कांनी नको म्हटलं नाही. भाकरी मोडली आणि परत जेवायला लागल्या.