संकष्टीची डिनर क्रूझ

“तिला कशाला विचारतेस? ती कॉन्व्हेंटची. तिला काय संकष्टी नि काय एकादशी!” माझ्या पाठीमागे एक काकू दुसऱ्या काकूंना म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

ह्यूस्टनला शिकायला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या एका काकांनी गॅल्व्हेस्टन बेटावरची सनसेट डिनर क्रूझ सगळ्यांसाठी बुक केली, पण पंचांग बघायचं राहून गेलं. जेवण मांडलं होतं सूर्यास्ताला आणि चतुर्थीचा चंद्र उगवणार होता बोट परतल्यानंतर. “आता कॅप्टनलाच सांगा, चंद्र दिसल्याशिवाय बोट वळवू नको म्हणून,” असं काकांना जो तो चिडवत होता.

कुणीतरी हातात दिलेली कोळंबी-भाताची प्लेट घेऊन मी उभी होते. संकष्टी मी शाळेत असल्यापासून आईबरोबर करत आले होते. इथे डॉर्मच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये एकटीच चंद्र शोधायचे. कुणाला ते माहीत नव्हतं. मी मराठी बोलताना अडखळले की लोक लगेच इंग्रजीवर येत, म्हणून मी गप्पच राहायचे.

पाणी केशरी झालं. सगळे फोटोंसाठी कठड्याशी गेले. मघाशी माझ्यामागे हसलेल्या त्या दोन काकूंना मात्र उपास होता; त्या खिचडीचा बंद डबा मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसून राहिल्या. मी प्लेट टेबलावर ठेवली आणि त्यांच्यापाशी गेले.

“काकू, मलाही चंद्र बघूनच उपास सोडायचाय. इथे बसू?”