पत्र्यावरचे झाप

सुलभाची शेवटची भेट हॉस्पिटलमधली. माघ संपत आला होता. तोंडावरचा मास्क बाजूला करून तिनं विचारलं, "शाळेचे झाप विणायला दिलेस का गं?" मी चिडलेच. म्हटलं, "आधी बरी हो. निवृत्त झालीस, शाळा आता तुझी नाही." ती नुसती हसली… आणि त्याच आठवड्यात गेली.

आम्ही दोघी आरे-वारेजवळच्या एका गावात शिक्षिका होतो. शाळेची कौलं वादळात उडाली, तेव्हा गावच्या मुंबईकरांनी हौसेनं पत्रे घालून दिले. गळती थांबली म्हणून आम्ही खूश! पण सकाळची शाळा सुरू व्हायला अवकाश असायचा आणि ऊन शिमग्याआधीच यायचं. दुपारी वर्गाची भट्टी व्हायची. मुलं डोळे उघडे ठेवून फळ्याकडे बघत, आत काही शिरत नसे. त्या पहिल्याच वर्षी चौथीतली नयना रोज भागाकार चुकायची, पाटीवर डोकं टेकून पेंगायची. सुलभा तेव्हा भलतीच तापट. वडिलांना बोलावून म्हणाली, "हिच्या डोक्यात गणित शिरत नाही." त्यांनी पाचवीला नावच घातलं नाही.

पुढच्या वर्षी सकाळची शाळा सुरू झाली आणि दुपारी अडणारी मुलं तेच भागाकार भराभर सोडवू लागली. सुलभा खडू हातात धरून उभीच राहिली. संध्याकाळी नयनाच्या घरी गेली. वडील म्हणाले, "आता कामाला लावलंय तिला, बाई."

तेव्हापासून दरवर्षी ती पदरमोड करून नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून घ्यायची आणि पत्र्यावर घालायची. गणित पहिल्या तासाला. पण बाजारात नयना दिसली की ही रस्ता बदलायची. मी कितीदा म्हटलं, जाऊन बोल. "काय बोलू? शाळा परत देऊ तिला?" म्हणायची.

यंदा शिमगा झाल्यावर न राहवून शाळेत गेले. पत्र्यावर नवे झाप होते. खाली उभी राहून उरलेल्या झावळ्या गोळा करत होती नयना. तिची मुलगी आता चौथीत आहे.

"बाई कशापायी घालायच्या, ठाव होतं मला," ती म्हणाली.

"मग कधी बोलली का नाहीस गं?"

"मला बघून त्या रस्ता बदलायच्या. मला वाटलं, अजून ढच समजतात…"

मी वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले. गार होतं. मुलं भागाकार करत होती. सुलभा, एकदा तरी समोरून चालत यायला हवं होतंस गं.